अल फहिदीतली न्याहारी आणि खाडीकाठचे मोती

दुबईत वर्षानुवर्षं राहिलेले, पण एकाही अमिराती घराचा उंबरा न ओलांडलेले मराठी लोक मला कितीतरी माहीत आहेत. त्यात त्यांचा दोष नाही, शहराची वस्तीच तशी आहे. मूळचे इथले लोक दहात जेमतेम एक, बाकी आपण सगळे बाहेरून आलेले. ऑफिसात केरळचे, लाहोरचे, मनिलाचे, बैरुतचे लोक भेटतात. लिफ्टमध्ये गुजराती आणि सिंधी कानावर पडतं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मल्याळम. पांढरा कंदुरा, म्हणजे इथल्या पुरुषांचा पायघोळ झगा, घातलेला माणूस समोर येतो तो विमानतळावर पासपोर्ट तपासताना, नाहीतर सरकारी कचेरीत. तिथे कोण कुणाला विचारणार, की तुमच्याकडे सकाळी खायला काय करतात?

आई-बाबा चौलहून आले तेव्हा बाबांनी नेमकं हेच काढलं. बुर्ज खलिफा बघून झाला होता, मॉलमधले मासे बघून झाले होते. "हे सगळं ठीक आहे गं," ते म्हणाले, "पण इथल्या माणसांचं घर कुठंय?" बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यांना उंच इमारतीत रस नाही, तिच्या आधी त्या जागी काय होतं यात आहे.

म्हणून मी शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंगमध्ये आमची नावं नोंदवली. नाव लांबलचक आहे, काम साधं आहे. 1998 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र जुन्या दुबईतल्या अल फहिदी भागात, एका वाड्यात चालतं. तिथे अमिराती यजमान पाहुण्यांना जमिनीवर बसवून खाऊ घालतात आणि म्हणतात, आता विचारा. 'उघडी दारं, खुली मनं' अशा अर्थाचं त्यांचं ब्रीद आहे. जागा आधी राखून ठेवावी लागते, पैसेही आधीच भरायचे. काही दिवस न्याहारी असते, काही दिवस दुपारचं जेवण, रमजानात इफ्तार. बाबा मांसाहार करत नाहीत, म्हणून मी न्याहारी निवडली. दुपारच्या जेवणात मटण-कोंबडी घातलेल्या भाताचा जोर असतो.

मेट्रोच्या हिरव्या मार्गावर शरफ डीजी स्थानकावर उतरायचं. पूर्वी या स्थानकाचं नावच अल फहिदी होतं. बाहेर बर दुबईची नेहमीची गर्दी, मोबाइलची दुकानं, साड्या, चहाच्या टपऱ्या. तिथून थोडं चालून एका गल्लीत वळलं की गाड्यांचा आवाज मागे पडतो. दोन्ही बाजूंना वाळूच्या रंगाच्या उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती, आणि भिंतींच्या वर चौकोनी मनोरे. हेच बारजील, वारा पकडणारे मनोरे. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत, म्हणजे एका घराची सावली समोरच्या घरावर पडते. आईने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि म्हणाली, "इथे ऊनच नाही."

या भागाची गोष्ट बाबांना फार आवडली, कारण ती सरळ नाही. अरब संस्कृती बघायला आपण ज्या मोहल्ल्यात जातो तो वसवला दक्षिण इराणमधल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पलीकडच्या लेंगेह बंदरात इराण सरकारने करांचा फास आवळला आणि अलीकडे दुबईच्या शेखने व्यापाऱ्यांना कर माफ केले. माणसं आखात ओलांडून इकडे आली, आपल्या गावावरून वस्तीला बस्तकिया म्हणू लागली, आणि वारा पकडायची कलाही सोबत घेऊन आली. 1980च्या दशकात यातली बरीच घरं पाडली गेली. उरलेल्यांवरही हातोडा पडायचा होता. एका ब्रिटिश वास्तुविशारदाने इथलं एक घर दुरुस्त करून राहायला घेतलं आणि वस्ती वाचवायला मोहीम चालवली. 1989 मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स इथे येऊन फिरले आणि त्यांनीही ही घरं राखा म्हणून आग्रह धरला. पुढे पालिकेने एकेक घर दुरुस्त केलं. आज जे दिसतं त्यात जुनं किती नि नव्याने बांधलेलं किती, हे डोळ्यांनी ओळखणं अवघड आहे. तरी ती उभी आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे किती वाडे असे कुणी हात आडवा न धरल्याने गेले, ते आठवून बाबा बराच वेळ गप्प होते.

केंद्राच्या दारात चपला काढायच्या. आत चौक, वर कापडी छत, खाली गालिचे आणि भिंतीला टेकून गाद्या-लोड. आम्ही बरेच जण होतो. जर्मन जोडपी, कोरियन मुली, दक्षिण आफ्रिकेचं एक कुटुंब. भारतीय आम्ही तिघंच. बाबांच्या गुडघ्याचं बघून एका स्वयंसेवकाने न विचारता खुर्ची आणून ठेवली. (ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी या भीतीने जायचं टाळू नये.) मधोमध झाकलेली भांडी मांडून ठेवली होती, पण आधी कॉफी.

गहवा म्हणतात तिला. दूध नाही, साखर नाही, रंग फिकट पिवळसर, वेलची भरपूर आणि केशराचा वास. चोचीच्या पितळी दल्ल्यातून, डाव्या हाताने ओततात. उजव्या हातात एकात एक घातलेले बिनकानाचे इवलेसे पेले. पेल्यात तळापुरतीच ओतायची. काठोकाठ भरली तर 'पी आणि नीघ' असा अर्थ होतो, असं आमच्या यजमानीण बाईंनी सांगितलं. वयाने मोठे म्हणून पहिला पेला बाबांना मिळाला. पेला रिकामा झाला की पुन्हा येते, पुन्हा येते. नको असेल तर पेला बोटांत धरून थोडा हलवायचा. बाबांना हे कळेपर्यंत बरीच कॉफी पोटात गेली होती. सोबत खजूर. कडू घोट आणि गोड खजूर यांचा मेळ इतका बरोबर बसतो की साखर का घालत नाहीत हे सांगावं लागत नाही.

मग झाकणं निघाली. बलालीत म्हणजे वेलची-केशरातल्या गोड शेवया, आणि त्यावर चक्क आम्लेट. गोडावर अंडं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मला आवडलं. बाबांसाठी अंड्याशिवायच्या शेवया निराळ्या ठेवल्या होत्या. चबाब नावाचे जाडसर घावन, त्यावर खजुराची काकवी. मिरची घालून उकडलेले हरभरे, त्यांना दंगो म्हणतात. शेवटी लुकैमात, तळलेले गोल गोळे, बाहेरून कुरकुरीत नि आत पोकळ, खजुराच्या पाकात घोळलेले. आईने एक तोडून आतली जाळी पाहिली आणि पीठ आंबवतात का, किती वेळ, असं थेट यजमानीण बाईंनाच विचारलं. हिंदीत. आणि त्या बाईंनी हिंदीतच उत्तर दिलं.

इथून पुढची सकाळ बदलली. बाई तिशीच्या असतील. हिंदी कुठे शिकलात असं विचारल्यावर म्हणाल्या, आजीकडून. आजी लहानपणी आजारी पडली तेव्हा तिला बोटीने मुंबईला नेलं होतं. लग्नाचं कापडही मुंबईचंच. त्यांच्या घरात म्हातारी माणसं अजून पैशाला 'रुप्या' म्हणतात. बाबा खुर्चीत पुढे सरकले. हा त्यांचा विषय. त्यांनी सांगायचं आणि मी इंग्रजीत इतरांना सांगायचं, असं थोडा वेळ चाललं. दुबईत पहिलं टपाल कार्यालय 1909 मध्ये उघडलं ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. व्यवहार भारतीय रुपयात चालायचा. रुपये आखातात नेऊन सोन्याच्या चोरट्या व्यापारात वापरले जाऊ लागले, म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून 1966 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, इथल्या लोकांच्या गाठीशी असलेल्या पैशाची किंमत एका दिवसात घसरली, आणि दुबईने रुपया सोडला. दिरहम आला तो 1973 मध्ये. त्याच 1966 साली दुबईच्या समुद्रात तेल सापडलं. बाई म्हणाल्या की अवमूल्यनाची गोष्ट त्यांच्या घरी अजून सांगतात, तेलाची तितकी नाही.

यजमानांनी कपड्यांबद्दलही बरंच सांगितलं. कंदुऱ्याच्या गळ्याशी लोंबणारा गोंडा अत्तरात बुडवायचा असतो. डोक्यावरच्या रुमालाला धरून ठेवणारी काळी दोरी, अगाल, मुळात रात्री उंटाचे पाय बांधायची. पण माझ्या लक्षात राहिला तो आजीचा बुर्खा. आपण ज्याला बुरखा म्हणतो तो हा नव्हे. कपाळ, नाक आणि वरचा ओठ झाकणारा, मधे काडी घातलेला, धातूसारखा चमकणारा एक तुकडा. इथल्या जुन्या बायका लग्नानंतर तो वापरत. त्याचं कापड निळीत रंगवलेलं, घोटून घोटून चकाकी आणलेलं, आणि यायचं हिंदुस्थानातून. घामाने निळीचा रंग चेहऱ्याला लागायचा, तोही बायकांना आवडायचा. आता म्हाताऱ्याच फक्त घालतात. आईने तो हातात घेतला, बोटाला लागलेला निळसर डाग बघितला आणि बाईंना विचारलं, "तुमची मुलं अरबी बोलतात का नीट?"

मी जरा दचकले. हा प्रश्न आई मला दरवर्षी विचारते, फक्त अरबीच्या जागी मराठी असतं. बाई लगेच म्हणाल्या, हीच तर रोजची काळजी आहे. शाळा इंग्रजी, यूट्यूब इंग्रजी, सांभाळणारी बाई फिलिपिनो, मित्र जगभरचे. मुलं आपसात भांडतातसुद्धा इंग्रजीत. म्हणून त्यांच्या घरी शुक्रवारचं जेवण आजीकडे, आणि आजीशी इंग्रजी बोलायला बंदी. आई माझ्याकडे बघून काही बोलली नाही. ज्यांच्या देशात आपण भाषेने पाहुणे आहोत, त्यांच्या घरातही हीच धाकधूक आहे, हे मला संग्रहालयातल्या कुठल्याही काचपेटीने सांगितलं नसतं.

सगळी उत्तरं अशी मनमोकळी मिळत नाहीत. बाबांनी विचारलं, की जी माणसं इथे चाळीस चाळीस वर्षं राबली, ज्यांची मुलं इथे जन्मली, ती तुमच्या लेखी इथली का? चौक शांत झाला. बाई म्हणाल्या, नागरिकत्व ही वेगळी गोष्ट आहे, तो कायदा आहे. पण माझ्या लहानपणीची शेजारीण मला बाहेरची वाटत नाही. एवढंच. बाबांचं समाधान झालं नाही, माझंही नाही. या शहराचं सर्वांत मोठं कोडं तेच आहे आणि न्याहारीच्या गालिच्यावर ते सुटणार नव्हतं. तरी त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन.

बारजीलच्या खाली उभं राहायला मिळालं. वर पाहिलं तर मनोरा चारही बाजूंनी उघडा, आणि आतून फुलीच्या आकाराच्या भिंतींनी चार भागांत विभागलेला. वारा कुठूनही येवो, एका भागातून तो खाली उतरतो आणि घरातली गरम हवा दुसऱ्या भागातून वर निघून जाते. जानेवारी होता, बाहेर फारसं उकडत नव्हतं, तरी अंगाला झुळूक स्पष्ट लागली. भिंती समुद्रातल्या प्रवाळदगडाच्या. छताचे वासे पूर्व आफ्रिकेतल्या खारफुटीचे, आणि त्यांची लांबी ठरलेली, म्हणून जुन्या घरांतल्या खोल्यांची रुंदी तीन-साडेतीन मीटरच्या पुढे जात नाही. दारांचं सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून आलेलं. एका खोलीत तीन किनारे होते.

दुपारी आम्ही खाडीच्या कडेने कापडबाजारातून चालत अल शिंदाघा संग्रहालयात गेलो. हे एक दालन नाही. राज्यकर्त्यांच्या कुटुंबाची आणि इतरांची जुनी घरं दुरुस्त करून प्रत्येकात एकेक विषय मांडला आहे. सगळं एका दुपारी होत नाही, करायला जाऊही नये. अत्तराच्या घरात आई रमली. ते शेखा शेखा बिंत सईद (पहिली 'शेखा' ही पदवी, दुसरं नाव) यांचं घर. त्यांना स्वतःला अत्तरं घडवायचा नाद होता, त्यांच्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. ते वाळवंटात कुठून उगवणार? तेही आसामकडून, आग्नेय आशियातून आलेलं. दागिन्यांचं घर आम्ही भरभर पाहिलं.

मी थांबले ती मोत्यांपाशी. बुडी मारणाऱ्याचं सामान किती थोडं असायचं! नाकाला लावायचा चिमटा, तो हाडाचा नाहीतर कासवाच्या पाठीचा. बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यात शिंपल्यांची जाळी, पायाला दोरीने बांधलेला दगड. दगडासह तळाशी जायचं, एका दमात जमतील तेवढे शिंपले तोडायचे, दोरीला हिसका द्यायचा, वरच्या माणसाने ओढून घ्यायचं. दिवसभर हेच, जून ते सप्टेंबर. आपल्याकडे पावसाळा लागतो, होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवतात, नेमक्या त्याच महिन्यांत इथल्या होड्या समुद्रात असत. माणसं नाखव्याकडून आगाऊ उचल घेऊन निघायची आणि हंगाम संपला तरी कर्ज संपायचं नाही. बाप मेला तर ते मुलाच्या डोक्यावर यायचं. बुड्या मारणाऱ्यांत पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेले गुलामही होते. ही गोष्ट तिथे उभं राहून मनात धरावीच लागते, कारण पेटीतला मोती इतका सुंदर असतो की तो वर कोणी आणला हे विसरायला होतं.

आणि ते मोती जायचे कुठे? मुंबईला. इथले व्यापारी लाल कापडात मोती बांधून न्यायचे. तिथे त्यांची निवड व्हायची, छिद्रं पाडली जायची, माळा ओवल्या जायच्या, आणि मग ते पॅरिसपर्यंत पोचायचे. मोत्याची किंमत काढायचं 'चव' हे माप मुंबईच्या बाजारात चालायचं तसंच आखातातही. आपल्याकडे ज्याला बसरा मोती म्हणतात तो याच आखाताच्या तळचा, बसऱ्याच्या नावाने विकला गेलेला. आईने नाकाला हात लावला. तिची नथ घरी कपाटात होती, तिच्या आजीची. त्यातले मोती कुठल्या वर्षी, कुणी काढले ते कळायला आता मार्ग नाही. पण साधारण कुठल्या पाण्यातले, हे त्या दिवशी कळलं. जपानने मोत्यांची शेती सुरू केली, 1929 ची मंदी आली, आणि हा सगळा धंदा काही वर्षांत बसला. 1930च्या दशकात या खाडीकाठी लोकांनी उपास काढले आहेत. आजची दुबई बघताना ते खरं वाटत नाही.

बाबा मात्र उलट्या दिशेचा समुद्र शोधत होते. आमच्या चौलचं नाव अरब प्रवाशांच्या लिखाणात 'सैमूर' असं येतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी तिथे येऊन गेला. सुमारे 10,000 मुसलमान तिथे राहतात, त्यातले कित्येक तिथेच जन्मलेले, बाकीचे ओमान, बसरा, बगदादकडून आलेले, असं त्याने लिहून ठेवलंय. तेव्हा तो भाग राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. अरब त्यांच्या राजाला 'बलहरा' म्हणत, आणि राजाने या परदेशी वस्तीचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक माणूस नेमलेला असे. बाबांनी हे संग्रहालयातल्या एका तरुण अमिराती मार्गदर्शकाला सांगितलं. त्याने आधी ऐकून घेतलं, मग चौलचं नाव फोनमध्ये लिहायला सांगितलं, मग नकाशा उघडून रेवदंड्याची खाडी मोठी करून पाहिली. बाबांनी त्याला किल्ला दाखवला, आमचं घर कुठल्या बाजूला ते दाखवलं. मग त्याने बाबांना विचारलं, "ते दहा हजार लोक, ते पाहुणे होते का तिथले?" सकाळी बाबांनी जे विचारलं होतं तेच, फिरून त्यांच्याकडे आलं. बाबा म्हणाले, मसूदीने त्यांच्यासाठी वेगळं नाव दिलंय, तिथे जन्मलेल्यांना 'बयासिरा' म्हणत. पण राजा त्यांना काय समजत होता हे राजाने लिहिलेलं नाही. दोघं त्यावर बराच वेळ बोलत उभे होते. शेवटी संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली.

जायचं असेल तर क्रम हाच ठेवा, आधी केंद्र, मग संग्रहालय. सकाळी माणसांशी बोलणं झालेलं असलं की दुपारी पेट्यांतल्या वस्तू कुणाच्या तरी होतात. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, मशिदीत जायचं झालं तर लागते. काय खात नाही ते नोंदणी करतानाच सांगा. आणि प्रश्न घरूनच ठरवून न्या, अगदी अवघड वाटणारेही. मी रमजानात मुलांना घेऊन इफ्तारला जाणार आहे. धाकट्याचा प्रश्न तयार आहे. दिवसभर पाणीसुद्धा प्यायचं नाही, तर शाळेत पीटीच्या तासाला काय करतात, हे त्याला विचारायचंय.